पैनगंगेपलीकडचं देणं

हिंगोली-सेनगावकडच्या जुन्या बायकांपुढं ‘वाशीमचा मिशन दवाखाना’ असा नुसता विषय काढा, दोन गोष्टी हमखास निघतात. एक म्हणजे, तिथं नेलेलं माणूस जगायचं. दुसरी म्हणजे, तिथल्या गोऱ्या बाया मराठीत बोलायच्या. मी आयुष्यभर सरकारी आरोग्य खात्यात एएनएम, म्हणजे गावोगाव फिरणारी परिचारिका, म्हणून नोकरी केली, त्यामुळं पहिल्या गोष्टीला मान डोलावणं मला जमत नाही. कुठल्याही दवाखान्यात सगळीच माणसं जगत नसतात. दुसरी गोष्ट मात्र सोळा आणे खरी, आणि माझं या जगात असणं त्या दुसऱ्या गोष्टीशीच जास्त बांधलेलं आहे.

आमचं गाव सेनगाव तालुक्यात. आज हा हिंगोली जिल्हा. १ मे १९९९ पर्यंत आम्ही परभणी जिल्ह्यातले, आणि त्याच्याही आधी, १९४८ च्या पोलीस ॲक्शनपर्यंत, निजामाच्या राज्यातले. पैनगंगा ही आमची शीव. अलीकडं मोगलाई, पलीकडं इंग्रजांचं वऱ्हाड. शिवेवरच्या कनेरगावला अजूनही लोक ‘कनेरगाव नाका’ म्हणतात. पण दुखणं-बाणं कधी शीव पाहत नाही. परभणी लांब पडायचं, वाशीम त्यामानानं जवळ. त्यामुळं आमच्या भागातली अडलेली बाई, साप चावलेला माणूस, पोट फुगलेलं लेकरू, सगळ्यांच्या गाड्या नदी ओलांडून वाशीमलाच जायच्या. राज्य बदललं, जिल्हे बदलले, ही वाट बदलली नाही.

माझ्याआधी मायची दोन लेकरं गेली होती. दोन्ही मुलगे, दोन्ही नऊ महिने भरून झालेले, धट्टेकट्टे. पहिले चार-पाच दिवस अंगावर चांगले प्यायले. मग सहाव्या-सातव्या दिवशी लेकरू दूध ओढेना. तोंड उघडेना. जरा हात लागला, दार वाजलं, उजेड पडला की सगळं अंग ताठायचं, पाठीची कमान व्हायची, चेहऱ्यावर हसल्यासारखं काहीतरी यायचं. दोन दिवसांत खेळ खलास. पहिल्याच्या वेळी गाव म्हणालं, सटवाईनं नेलं. दुसऱ्याच्या वेळी गाव मायकडं बोट दाखवायला लागलं. पाचवीच्या पूजेत हिनं काहीतरी हयगय केली असणार, हिचा पायगुण, हिच्या दुधातच काहीतरी आहे. आजीनं शनिवार-मंगळवार धरायला लावले. कुणाच्या घरी बारसं असलं तर मायला बोलावणं यायचं नाही, आणि गेलीच तर तिच्या मांडीवर कुणी लेकरू देत नसे. ही गोष्ट माय म्हातारपणी सांगायची तेव्हासुद्धा तिची नजर खाली जायची. लेकरं गेल्याचं दुःख तिनं गिळलं होतं. मांडीवर लेकरू न देणारे हात तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हते.

माझी भावंडं ज्यानं गेली त्याला वैद्यकात नवजात बाळाचा धनुर्वात म्हणतात. त्याचा जंतू मातीत असतो, जनावरांच्या शेणात असतो, आणि सुप्त रूपात वर्षानुवर्षं टिकतो. बाळाची नाळ विळ्यानं किंवा पाटीवरच्या खापरीनं कापली, वर चुलीतली राख नाहीतर शेणाची गोवरी जाळून केलेली भुकटी लावली, की जंतूला हवी तशी जागा मिळते: ओली जखम आणि हवा न लागणारी खपली. तो तिथं विष तयार करतो, ते विष मज्जातंतूंपर्यंत पोचतं आणि स्नायू आवळून धरतं. सगळ्यात आधी जबडा. म्हणून बाळ आधी दूध सोडतं. पाचवी-सटवीचे दिवस आणि या रोगाचे दिवस बरोबर एकमेकांवर पडतात. आपल्या आया-आज्या त्या रात्री का जागत होत्या, याचं उत्तर मला याच मेळात दिसतं. त्यांनी पाहिलेलं खरं होतं. कारण तेवढं त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

१९६६ साली मायला पुन्हा दिवस गेले तेव्हा मामानं पाय रोवला. मामा वाशीमला जिनिंगमध्ये कामाला होता. ‘या खेपेला माझ्या घरी ठेवतो, मिशनच्या दवाखान्यात दाखवतो,’ म्हणाला. आजीचा विरोध होता. तिथं बाटवतात, हे तिचं पहिलं म्हणणं; आणि तिथं बाई-माणसाला परका पुरुष तपासतो, हे दुसरं. मामानं दुसऱ्याचं उत्तर लगेच दिलं: तिथं डॉक्टरीणच आहे, बाई आहे. पहिल्याचं उत्तर दादांनी दिलं. दादा म्हणजे माझे वडील. माळकरी माणूस, नर्सीला नामदेवाच्या जन्मगावी दर एकादशीला पायी जाणारा. ते म्हणाले, माझी माळ गळ्यात आहे, ती कुणी हात घालून काढणार आहे का? मग अर्धी वाट बैलगाडीनं आणि पुढं एस.टी.नं माय वाशीमला पोचली.

त्या दवाखान्याचं पूर्ण नाव रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल. चर्च ऑफ द नाझरीन या अमेरिकन पंथाचं. पंथाच्या हायरम रेनॉल्ड्स नावाच्या धर्मगुरूच्या स्मरणार्थ ते नाव. मायला यातलं काही माहीत नव्हतं आणि जन्मभर माहीत झालं नाही. तिच्या लेखी तिथली गोरी डॉक्टरीण म्हणजे ‘मडमबाई’ आणि दवाखाना म्हणजे ‘मिशन’. तिला नीट लक्षात राहिला तो तिथला प्रश्न. तपासणीच्या टेबलावर तिच्या पोटावर हात ठेवून, आधीची दोन लेकरं गेली एवढं ऐकल्यावर, मडमबाईनं तिसराच काहीतरी प्रश्न विचारला: नाळ कशानं कापली होती, आणि वर काय लावलं होतं. मराठीत विचारला. उच्चार जरा वेगळा, पण शब्द सगळे ओळखीचे. माय सांगायची, मी घाबरून गेले, हिला कसं कळलं? माय बोलेना तेव्हा शेजारी उभी असलेली सिस्टर, बुलढाण्याकडची पोर होती ती, खाली वाकली आणि तिनं पुन्हा विचारलं. माय म्हणाली, विळ्यानं. वर राख.

मग त्या सिस्टरनं मायला बाजूला घेऊन बसवलं आणि सगळं समजावून सांगितलं. विळा कुठं कुठं फिरतो, गोठ्यात काय असतं, राख दिसायला पांढरी असली तरी तिच्यात काय येऊ शकतं. आणि शेवटी म्हणाली, ‘बाई, तुमचं काई चुकलं नाई. तुमाला कोनी सांगितलंच नव्हतं.’

हे वाक्य मायनं मला इतक्या वेळा ऐकवलंय की त्या सिस्टरचा आवाज मला ओळखता येईल असं वाटतं. पुढं मी हजारो बाळंतिणींच्या घरी गेले, औषधं दिली, सुया टोचल्या. पण एखाद्या बाईच्या डोक्यावरचं असं ओझं एका वाक्यात उतरवणं मला फार थोड्या वेळा जमलं. माझं सगळ्यात मोठं देणं आहे ते या वाक्याचं. मी जगले हे दुसऱ्या क्रमांकाचं.

मायला धनुर्वाताची दोन इंजेक्शनं दिली, महिन्याच्या अंतरानं. आईला ही लस टोचली तर तिच्या रक्तातलं संरक्षण वारेतून पोटातल्या बाळाला मिळतं. १९६१ साली न्यू गिनीच्या खेड्यांतून हे नीट सिद्ध झालेलं होतं. आपल्याकडं गरोदर बायकांना ही लस देण्याचा देशव्यापी सरकारी कार्यक्रम आला १९८३ साली. मधल्या काळात ज्या थोड्या बायांना ती मिळाली त्यांत सेनगाव तालुक्यातली माझी अडाणी माय होती, आणि ती मिळाली कारण साता समुद्रापलीकडची एक बाई वाशीमला येऊन बसली होती.

दिवाळी झाल्यावर माझा जन्म झाला. बाळंतपण सोपं झालं, तिसऱ्या दिवशी घरी जा म्हणाले. माय जाईना. तिचं म्हणणं एकच, आठवा दिवस गेल्याशिवाय मी इथून हलणार नाही. खाटा कमी, बाया बाहेर व्हरांड्यात निजलेल्या, तरी मायला राहू दिलं. खाटेवरून ती खाली सतरंजीवर आली, पण वॉर्डातच. सटवीच्या रात्री तिनं उशाला कोरा कागद ठेवला. औषधाच्या पुडीचाच, उलटा केलेला. कपाळीचं लिहायला सटवाई येणार म्हणून. पण लिहायला लेखणी नव्हती. रात्रपाळीच्या सिस्टरनं कंदील खाली धरून विचारलं, हे काय. मायनं सांगितलं. सिस्टर ख्रिस्ती. पण तीही त्याच मातीतली, तिच्या आजीनंही हे केलं असणार. तिनं नाडीचे आकडे लिहायची पेन्सिल कानामागून काढली आणि कागदावर ठेवली. पहाटे परत घेऊन गेली. त्या पेन्सिलीला सुरीनं टोक काढलेलं होतं आणि मागचं टोक चावलेलं होतं, एवढं मायला आठवायचं.

धर्माच्या गोष्टीवर मला स्पष्ट लिहायचं आहे, कारण हल्ली या विषयावर दोन्हीकडून अर्धवट बोललं जातं. त्या बाया येशूच्या ओढीनंच आल्या होत्या. वॉर्डात सकाळी प्रार्थना व्हायची, मराठी गाणी म्हणायचे, येशूच्या गोष्टी सांगायचे. हे लपवून त्यांचं ऋण मांडलं तर तो त्यांचा अपमान होईल, कारण त्यांनी स्वतः ते कधी लपवलं नाही. माय हात जोडून बसायची. तिच्या गळ्यातल्या तुळशीच्या माळेला कुणी हात लावला नाही आणि नाव बदल असं कुणी म्हटलं नाही. आमच्या घरात कुणी ख्रिस्ती झालं नाही. त्यामुळं आमची सेवा कमी झाली असंही नाही. दादांना यात काही कोडं वाटायचं नाही. पांडुरंगाच्या नावानं चालणाऱ्याला येशूच्या नावानं चालणारा कळतो, अशी त्यांची समजूत होती.

निघताना सिस्टरनं मायला एक पुडकं दिलं. जुन्या चादरीचं धुऊन उकळून वाळवलेलं फडकं, त्यात कागदात गुंडाळलेलं दाढीचं नवं पान, उकळून वाळवलेल्या जाड दोऱ्याचे दोन तुकडे आणि साबणाची वडी. पुढच्या खेपेला येता आलं नाही तर हे वापरायला सांग, म्हणाली. नाळेला पोटापासून दोन बोटं सोडून पहिली गाठ, त्याच्यापुढं पुन्हा दोन बोटांवर दुसरी, मधोमध काप. आणि वर काही लावायचं नाही. तेल नाही, हळद नाही, राख नाही, भस्म नाही.

मायनं ते पुडकं स्वतःसाठी वापरलं नाही. पुढच्या वर्षी शेजारच्या घरी बाळंतपण आलं. सुईण आजी आली, विळा मागितला. ज्या घरात मायच्या मांडीवर लेकरू देत नव्हते त्याच घराच्या दारात माय पुडकं घेऊन उभी राहिली. आत घेईनात. तेव्हा ती म्हणाली, ‘माझे दोन गेले, मले माहीत हाय ते कशानं गेले.’ सुईण आजी समंजस होती. तिनंच हात पुढं करून पुडकं घेतलं. मग माय दर बाजाराला दाढीची पानं आणू लागली, जुनी लुगडी फाडून उकळू लागली. फळीवरच्या एका डब्यात अशी पुडकी तयार असायची. मला अक्षरओळख झाली ती त्या डब्यावरच्या बिस्किटाच्या नावावरून. गावात धनुर्वातानं पोर जाणं हळूहळू थांबलं. पायगुणाची भाषा त्याच्याबरोबर थांबली.

आता ज्वारीची गोष्ट. दवाखान्याचं बिल दादांना एकदम देणं शक्य नव्हतं. जमेल तसं द्या म्हणाले. दादांनी शब्द दिला की दर सुगीला एक पोतं ज्वारी आणून टाकीन. आणि टाकत राहिले. १९७२ च्या दुष्काळात शेतात काही उगवलंच नाही. दादा आणि माय दोघंही खडी फोडायला जात होते. सुगीच्या दिवसांत दादा रिकाम्या हातानं वाशीमला गेले, यंदा पोतं येणार नाही हे सांगायला. कचेरीतल्या माणसानं वही उघडली, बराच वेळ बोटं फिरवली आणि सांगितलं, तुमचं खातं तर कधीच बंद झालंय, तुमच्याकडं काही नाही. मग इतकी वर्षं पोतं घेत होते ते? ते म्हणाले, तुम्ही दान देताय असं आम्ही समजलो, रोग्यांच्या भाकरीला जायचं. दादा घरी आले, हे सांगितलं, आणि पुढच्या वर्षी जरा पाऊस झाल्यावर पुन्हा अर्धं पोतं घेऊन गेले. मी त्यांना विचारलं होतं, खातं बंद झालं ना? ते म्हणाले, त्यांचं झालं असंल.

नोकरी लागल्यावर मला त्या बायांची नावं शोधावीशी वाटली. मडमबाई एवढ्या एका शब्दावर माणसाचं सगळं आयुष्य उरू नये. वाशीमचा दवाखाना उभा केला डॉ. ओर्फा स्पायकर यांनी. १९३६ साली त्या तरुण वयात अमेरिकेहून भारतात आल्या, १९३८ साली दवाखाना सुरू केला, आणि चाळीस वर्षं, १९७६ पर्यंत, या देशात राहिल्या. आल्या तेव्हा नदीच्या अलीकडं निजाम होता आणि पलीकडं इंग्रज. गेल्या तेव्हा महाराष्ट्र होऊन सोळा वर्षं झाली होती. या बाईनं लग्न, घर, गाव सगळं बाजूला ठेवून उन्हाळ्यात पेटणाऱ्या वाशीममध्ये आयुष्य काढलं.

दुसऱ्या डॉ. एव्हलिन विट्हॉफ. त्यांची कथा मला जास्त जवळची वाटते, कारण त्यांना वाशीम लगेच गाठता आलं नाही. १९४१ च्या अखेरीस त्या आणि जेराल्डाइन चॅपेल नावाच्या मिशनरी भारतात यायला निघाल्या. जहाजाचा प्रवास फिलिपिन्सवरून. मनिलात असतानाच जपाननं युद्ध सुरू केलं, २ जानेवारी १९४२ ला जपानी फौजा शहरात शिरल्या आणि शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून या दोघींना सँटो टोमास विद्यापीठाच्या आवारातल्या छावणीत डांबलं. तीन हजारांवर माणसं त्या आवारात. वर्गखोल्यांत खाटेला खाट लावून. सुरुवातीला बाहेरून अन्न मिळायचं, मग ते तुटलं. शेवटच्या महिन्यांत माणशी दिवसाचं अन्न हजार कॅलरींच्या खाली गेलं. मी गरोदर बायांना आहार सांगणारी बाई. हजार कॅलरी म्हणजे काय ते मला शिकवावं लागत नाही. कामाला जाणाऱ्या बाईला त्याच्या दुपटीहून जास्त लागतं. पाय सुजतात, केस गळतात, जिना चढवत नाही. ३ फेब्रुवारी १९४५ ला अमेरिकन रणगाडे छावणीच्या दारातून आत आले आणि सुटका झाली. तीन वर्षं एक महिना.

या कैदेवर दोघींनी मिळून एक लहानसं पुस्तक लिहिलं. मी वारंवार विचार करते तो त्याच्या पुढच्या गोष्टीचा. उपाशी राहून खंगलेली एक तरुण डॉक्टर घरी परतते, अंगावर मांस चढतं, आईवडील समोर असतात. आता राहा म्हटलं असतं तर कुणी नावं ठेवली नसती. तरी या दोघी पुन्हा जहाजावर चढल्या आणि ज्या देशाकडं निघाल्या होत्या त्या देशात पोचल्या. आल्यावर मराठी शिकल्या. माझ्या मायला ‘नाळ कशानं कापली’ हे मराठीत विचारता यावं, म्हणून कुणीतरी तरुणपणीची वर्षं बाराखडी गिरवण्यात घातली होती.

अशा बाया आपल्या देशात एकट्या-दुकट्या नव्हत्या. १८७० च्या जानेवारीत क्लारा स्वेन बरेलीला आल्या, भारतात आलेल्या पहिल्या स्त्री मिशनरी डॉक्टर. त्या ज्या कॉलेजात शिकल्या, फिलाडेल्फियाच्या त्याच कॉलेजातून १८८६ साली आपल्या आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या आणि १८९२ साली गुरुबाई करमरकर. गुरुबाई परत येऊन मुंबईत अमेरिकन मराठी मिशनबरोबर रुग्णसेवेत राहिल्या. वेल्लोरच्या आयडा स्कडर यांनी डॉक्टर व्हायचं ठरवलं ते एका रात्रीमुळं: तीन घरची माणसं बाळंतपणाला बाई डॉक्टर मागायला आली, पुरुष डॉक्टर चालणार नाही म्हणाली, आणि सकाळी तिन्ही बाया गेलेल्या. आमच्या आजीचं दुसरं म्हणणं आठवा. ती अडाणी म्हणून एकटी अडली नव्हती. अख्खा देश त्याच उंबऱ्यावर अडला होता, आणि तो उंबरा ओलांडायला बाईच लागत होती.

पुढं परदेशी मिशनरींना व्हिसा मिळणं अवघड होत गेलं, गोरी माणसं एकेक करून परतली, भारतीय डॉक्टर आणि परिचारिका काम पाहू लागल्या. माझ्या मते त्या बायांचं सगळ्यात टिकाऊ काम त्यांनी शिकवलेल्या मुली. वऱ्हाड-मराठवाड्यातल्या खेड्यांतल्या, बहुतेक दलित आणि ख्रिस्ती घरांतल्या, ज्यांना दुसरीकडं कुणी वर्गात बसू दिलं नसतं. पांढऱ्या साडीत त्या गावोगाव पांगल्या. कुणी सरकारी नोकरीत आल्या.

मी १९८७ साली एएनएम झाले. दाईंना शिकवायचा सरकारी कार्यक्रम १९७७ पासून चालू होता. आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाई प्रशिक्षण लागलं की तालुक्यातल्या सुईणी यायच्या, कुणी काठी टेकत. त्यांना ‘पाच स्वच्छता’ शिकवायच्या: स्वच्छ हात, स्वच्छ जागा, स्वच्छ ब्लेड, स्वच्छ दोरा, स्वच्छ नाळ. शेवटी प्रत्येकीला सरकारी पाकीट मिळायचं. पहिल्यांदा मी ते उघडलं तेव्हा प्लॅस्टिकच्या पिशवीत मायचं पुडकं होतं. ब्लेड, दोरा, साबण.

आमच्याबरोबर वयानं मोठ्या एक सिस्टर होत्या, वाशीमच्या मिशनमध्ये शिकलेल्या. बोलायला कडक. सुईणींचा त्यांच्यावर जीव, कारण त्या कुणाला अडाणी म्हणत नसत. एकदा नाळेच्या स्वच्छतेचा धडा चालू होता, धनुर्वाताचं चित्र फळ्यावर टांगलेलं, पाठीची कमान झालेलं बाळ. मागं बसलेली एक म्हातारी सुईण उठली, चित्राजवळ आली, बाळाच्या जबड्याला बोट लावलं आणि म्हणाली, म्हणजे हे माझ्या हातानं झालं का? माझ्या विळ्यानं? किती झाले असतील मग? आणि मटकन खाली बसली. खोली गप्प झाली. माझ्याकडं शिकवलेली सगळी वाक्यं होती आणि एकही तोंडात येईना. सिस्टर खुर्चीवरून उठल्या, तिच्याशेजारी जमिनीवर मांडी घालून बसल्या आणि म्हणाल्या, ‘आजी, तुमचं काई चुकलं नाई. तुमाला कोनी सांगायलाच आलं नव्हतं.’

मला घाम फुटला. त्या माझ्या मायच्या सिस्टर नव्हत्या; वयाचा हिशेब जुळत नव्हता. त्या तिथं शिकल्या होत्या, एवढंच. हे वाक्य तिथं शिकवतच असतील, एकीकडून दुसरीकडं जात असेल. संध्याकाळी मी त्यांना मायची गोष्ट सांगितली. त्यांनी ऐकून घेतली, चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, तुझ्या मायला घेऊन ये उद्या, या बायांपुढं तिला बोलू दे, आपल्यापेक्षा तिचं ऐकतील.

मायला घेऊन गेले. ती आधी लाजली. मग पदर खोचून तिनं बोलायला सुरुवात केली ती थांबेचना. दोन मुलगे कसे गेले, विळा, राख, मडमबाईचा प्रश्न, पेन्सिल, पुडकं. फळ्यावरच्या चित्राकडं तिनं एकदाही पाहिलं नाही. कालची म्हातारी सगळ्यांत पुढं बसली होती. बोलणं संपल्यावर तिनं मायला विचारलं, बाळाच्या पोटापासून गाठ किती लांब म्हणालीस? मायनं तिचा हात हातात घेतला, आपल्या तळहातावर दोन बोटं टेकवून दाखवली.

त्यानंतरच्या प्रत्येक दाई प्रशिक्षणाला मायचं बोलावणं असायचं. जाण्यायेण्याचं एस.टी.चं भाडं ती स्वतः द्यायची. सिस्टर द्यायला गेल्या तर घ्यायची नाही. २०१५ साली माता आणि नवजात बालकांचा धनुर्वात भारतातून हटल्याचं जाहीर झालं, म्हणजे देशाच्या प्रत्येक जिल्ह्यात तो हजार जिवंत जन्मांमागं एकाच्याही खाली आला. १९८८ साली जगभरात या रोगानं वर्षाला सुमारे ७ लाख ८७ हजार बाळं जात होती. मी पेपर घेऊन गेले आणि मायला मोठ्यानं वाचून दाखवलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, मग वाशीमला कळवलंस का?